कार्ड शोला पहिल्यांदाच जाताय? खान्देशातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, नंदुरबार, सगळीकडून पोरं विचारतात, की भो, मुंबईला नाहीतर पुण्याला स्पोर्ट्स कार्डवाल्यांचं प्रदर्शन आहे, जायचं तर आहे पण तिथे जाऊन नेमकं करायचं काय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ज्याला जे लागेल ते वाचा.

स्पोर्ट्स कार्ड म्हणजे आपण लहानपणी खेळायचो ते ट्रम्प कार्डच ना?

त्याच घराण्यातलं म्हणा. नव्वदच्या दशकातल्या पोरांनी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळलीत, उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक, ज्याचा आकडा मोठा (रँकमध्ये मात्र लहान) त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. त्याच्या आधीच्यांनी बिग फन बबलगममधले क्रिकेटवाल्यांचे फोटो जमवलेत. पण ती खेळायची होती, हातात फिरून फिरून मऊ व्हायची. कलेक्टरची कार्डं जमवायची असतात. साइज जवळपास ठरलेली, अडीच इंच बाय साडेतीन इंच, समोर खेळाडू, मागे कार्डाचा नंबर, कंपनी, साल.

आणि हे काही काल परवाचं फॅड नाही. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली सिगारेटच्या पाकिटातून ५० क्रिकेटपटूंचा सेट काढला होता, म्हणजे क्रिकेटचं कार्ड सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत बेसबॉलचं ते टी२०६ होनस वॅगनरचं प्रसिद्ध कार्ड पण १९०९ ते ११ मधलं, तेही सिगारेटसोबतच आलेलं.

सगळं ऑनलाइन मिळतं, मग तिकीट काढून एवढ्या लांब कशाला जायचं?

माझं यावर ठाम मत आहे. पहिल्या शोला विकत घ्यायला जाऊच नका, बघायला जा. इकडे आपण कार्ड बघतो ते मोबाइलच्या स्क्रीनवर, आणि फोटोत कार्डाचं निम्मंच खरं दिसतं. क्रोम किंवा रिफ्रॅक्टर कार्ड, म्हणजे आरशासारखं चमकणारं, समोरून फोटो काढलं की चकाचक दिसतं. तेच हातात घेऊन ट्यूबलाइटखाली हळूहळू तिरपं करा, एका ठरावीक कोनात आलं की मग त्या बारीक रेघा दिसतात, मशिनमधून निघताना पडलेल्या, कधी बोटाचा ठसा, कधी टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. त्या एका रेघेने कार्डाची किंमत निम्म्यावर येऊ शकते. कोपऱ्यांचं पण तसंच आहे, फोटोत चारही कोपरे टोकदार वाटतात आणि भिंगाखाली एका कोपऱ्याला रंग उडून आतला पांढरा कागद डोकावत असतो.

हे बघायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो एका दिवसात शेकडो कार्डं हाताखालून गेली की होतो. घरी बसून वर्षभर रील बघितले तरी होत नाही. मोठ्या शहरातल्या पोरांना दुकानात जाऊन बघता येतं, आपल्याकडे तसं दुकान नाही, म्हणून आपल्याला तर शोची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

हॉलमध्ये असतं काय काय?

ओळीने टेबलं. काहींवर काचेच्या पेट्या, त्यात महागडी आणि ग्रेडिंग झालेली कार्डं, म्हणजे कंपनीने तपासून एक ते दहामधली ग्रेड दिलेली, प्लास्टिकच्या जाड डबीत सील केलेली, त्याला स्लॅब म्हणतात. ज्याचं ग्रेडिंग झालेलं नाही ते रॉ. काहींवर लांबच लांब पुठ्ठ्याचे डबे आणि त्यावर चिठ्ठी, कोणतंही घ्या अमुक रुपये. नवीन माणसाने अर्धा दिवस या डब्यांवरच घालवावा असं मला मनापासून वाटतं, कारण शिकायला तिथेच मिळतं आणि हात लावला म्हणून कोणी ओरडत नाही. एका बाजूला ट्रेडवाले, म्हणजे कार्डांची अदलाबदल करणारे, बसलेले असतात, मांडीवर बाइंडर म्हणजे कार्डांची फाइल घेऊन. आपल्याकडच्या मीटमध्ये बास्केटबॉल, फुटबॉल, क्रिकेट, पोकेमॉन सगळं एकत्रच असतं, त्यामुळे फक्त क्रिकेट बघायला जाल तर थोडं शोधावं लागेल.

क्रिकेटची कार्डं मिळतात का तिथे?

मिळतात पण अमेरिकन खेळांच्या मानाने कमी. टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्स, ती आयपीएलवाली, बऱ्याच जणांच्या घरात पडून आहेत आणि नव्वदच्या दशकातली फ्युटेराची ऑस्ट्रेलियन कार्डं अधूनमधून दिसतात. तुमच्याकडे जुनी असतील तर सोबत न्या, कोणाला तरी हवी असतातच. फुटबॉलवाल्यांकडे पनीनी असतंच, ती मूळची इटलीतल्या मोदेनाची कंपनी, तिचा वर्ल्ड कपचा पहिला स्टिकर अल्बम १९७० चा. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिची कार्डं काढायचं लायसन्स २०२५-२६ च्या सीझनपासून पनीनीकडून टॉप्सकडे गेलंय, त्यामुळे नवीन बॉक्स घेताना कोणी जुन्या सीझनचा माल ताजा म्हणून तर देत नाही ना ते साल वाचून बघा.

बेस, पॅरलल, इन्सर्ट, ऑटो, पॅच, हे सगळं डोक्यावरून जातं.

बेस म्हणजे सेटमधलं साधं कार्ड. तेच चित्र वेगळ्या रंगात किंवा चमकीत आलं की पॅरलल. कार्डावर ९९ पैकी १२ असं छापलेलं असेल तर तसली फक्त ९९ च काढलीत आणि हे त्यातलं बारावं. एकच काढलं असेल तर वन ऑफ वन. इन्सर्ट म्हणजे सेटच्या आत वेगळ्या डिझाइनची छोटी मालिका. ऑटो म्हणजे सही, ती थेट कार्डावर असेल तर जास्त मान, स्टिकरवर सही करून चिकटवली असेल तर थोडा कमी. पॅच म्हणजे जर्सीचा तुकडा, पण मागे काय लिहिलंय ते नीट वाचा, प्रत्येक तुकडा मॅचमध्ये घातलेल्या जर्सीचाच असतो असं नाही. रूकी म्हणजे खेळाडूचं पहिल्या सीझनचं अधिकृत कार्ड, आणि सगळी धडपड बहुतेक त्यासाठीच चालते.

इकडून जायचं कसं, मुक्काम लागतो का?

भुसावळ-जळगाववाल्यांना मुंबई सोपी, रात्री विदर्भ एक्सप्रेसला बसलं की सकाळी सीएसएमटी, हॉल उघडायच्या आत चहा-नाश्ता होतो, आणि रात्रीच्या गाडीने परत. पुण्यासाठी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, मनमाड करत जाते. धुळ्याहून मालेगाव-नाशिक हायवेने बस किंवा गाडी, नंदुरबारवाले सुरतवरून. रिझर्वेशन आधीच करा, जनरलच्या गर्दीत कार्डांची बॅग सांभाळत जाणं म्हणजे वैताग.

गाडीत कार्डं सीटखाली ठेवायची नाहीत. उशाशी ठेवा. आणि डब्यात शेजाऱ्याला कौतुकाने उघडून दाखवू नका.

सोबत काय न्यायचं?

पेनी स्लीव्ह म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, आणि टॉपलोडर म्हणजे तिच्यावरचं कडक कव्हर. दोन्ही भरपूर न्या, तिथे महाग मिळतात. कार्ड आधी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, उलटं कधीच नाही, नुसतं टॉपलोडरमध्ये सरकवलं की पृष्ठभागावर ओरखडे येतात. तोंड बंद करायला साधी सेलोटेप नको, चिकट राहते आणि कार्डालाही लागते, पेंटर वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या आणि तिचं टोक दुमडून ठेवा म्हणजे समोरच्याला काढता येईल.

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच. आपल्याकडे ते शोधायला लांब जायला नको, जळगावात सराफ बाजार आहे, सराफ आणि घड्याळवाले जे डोळ्याला लावतात तेच, त्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळून जातं. छोटी टॉर्च, नोटा तपासायची यूव्ही लाइट, पॉवर बँक. आणि एक वही, त्यात तुम्हाला हवी असलेली कार्डं साल, सेट आणि नंबरसकट लिहिलेली. हॉलमध्ये गेल्यावर डोकं चालत नाही, एवढं सगळं एकदम दिसतं, वही असली की पाय जमिनीवर राहतात.

दशम्या-चटणी नेली असेल तर बाहेर बसून खा आणि हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करूनच परत आत जा. तेलकट बोट रिफ्रॅक्टरला लागलं की तो डाग नीट निघत नाही.

पैसे किती न्यायचे?

जेवढे गेले तर घरात भांडण होणार नाही तेवढे. यूपीआय चालतं पण गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून थोडी कॅश ठेवा, सुट्टे करून. कॅश दाखवली की भाव पण थोडा खाली येतो.

भाव कसा करायचा? मला लाज वाटते.

लाज कसली, भाव करणं हा शोचा भागच आहे. फक्त अभ्यास करून जा. ईबेवर विक्रेत्याने लावलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या मालाची किंमत बघा, त्याला सगळे कॉम्प म्हणतात. लावायला कोणी काहीही लावतो. त्यातही ग्रेड तीच हवी, दहा ग्रेडचा कॉम्प दाखवून रॉ कार्डाचा भाव सांगणारे भेटतात. स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

मग सरळ विचारा, दादा यात काय कमी होईल. एकाच टेबलवरून तीन-चार कार्डं एकत्र घेतली की कमी होतंच. शेवटच्या दिवशी दुपारनंतर डीलर जास्त ऐकतात, परत न्यायचं ओझं नको असतं त्यांना, पण चांगला माल तोवर गेलेला असतो. उगाच निम्म्या भावाला मागून समोरच्याचा अपमान करू नका, त्यानेही टेबलाचं भाडं भरलंय.

तुम्ही विकायला गेलात तर डीलर साधारण कॉम्पच्या ७०-८० टक्के देईल, चालू माल नसेल तर त्याहून कमी. तो लुटतोय असं नाही, त्याला ते परत विकायचंय. पूर्ण भाव हवा असेल तर कलेक्टरला विका किंवा ट्रेड करा.

ट्रेड करताना काय पाळायचं?

दुसऱ्याच्या कार्डाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. उचललं तर कडांना धरून, टेबलाच्या वरच, हवेत नाही. दोघांनी आपापल्या कार्डाचा कॉम्प उघडून समोरासमोर बघायचा. आणि समोर लहान पोरगं असेल, त्याला भाव माहीत नसेल, तर तुम्ही त्याला सांगायचा. याबाबतीत मला कुठलंच कारण पटत नाही. एका मीटमध्ये आठवी-नववीतला एक मुलगा साध्या चमकीच्या तीन कार्डांसाठी त्याचं नंबरवालं कार्ड द्यायला निघाला होता, समोरच्या काकांनी त्याच्याच मोबाइलवर त्याला कॉम्प काढायला शिकवलं, मग म्हणाले आता बोल, देतो का? त्याने नाही दिलं. काका हसत पुढे गेले. अशा माणसांमुळे हा छंद टिकलाय.

आपल्या भागातलं कोणी भेटलं तर विचारूच नका. ट्रेडच्या टेबलवर अचानक कोणी "कसा शे भाऊ" म्हटलं की पुढचा अर्धा तास कार्डं बाजूलाच राहतात.

नकली कार्ड कसं ओळखायचं?

इथे वेळ द्या. खोट्यांचा सगळ्यात जास्त सुळसुळाट प्रसिद्ध कार्डांत असतो, मायकल जॉर्डनचं १९८६-८७ चं फ्लीअर कंपनीचं ५७ नंबरचं कार्ड तर इतक्यांदा छापलं गेलंय की रॉ मिळालं तर मी तरी हात जोडतो.

पहिलं भिंग. छापील फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो ते ठीक, पण खऱ्या कार्डावर काळी अक्षरं आणि बॉर्डरच्या रेघा बहुतेक सलग, भरीव शाईच्या असतात. ज्याने खरं कार्ड स्कॅन करून परत छापलं त्याच्या अक्षरांतही ठिपके येतात आणि कडा धूसर होतात. हे एकदा डोळ्याने पाहिलं की विसरत नाही, म्हणून स्वस्तातलं खरं कार्ड आणि एक प्रिंट घेऊन घरीच सराव करा.

दुसरं, त्याच सेटचं साधं, स्वस्त कार्ड सोबत न्या. दोन्ही एकावर एक ठेवून साइज, जाडी, कागदाचा रंग जुळवा. महागडं कार्ड केसभर जरी लहान भरलं तर कड कापलेली असू शकते, कोपरे टोकदार करायला लोक कापतात. मागून टॉर्च लावा, दोन्हीतून प्रकाश सारखाच यायला हवा.

तिसरं, यूव्ही लाइट जुन्या मालासाठी. हल्लीच्या कागदात पांढरेपणा वाढवायचं केमिकल असतं, ते यूव्हीखाली निळसर चमकतं. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून दिलेलं सिगारेट कार्ड असं चमकलं तर ते ठेवून पुढे चला.

स्लॅब असेल तर त्यावरचा सर्टिफिकेट नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाका, तिथे फोटो असेल तर हातातल्या कार्डाशी ताडून बघा. नुसता नंबर सापडला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, खरा नंबर नकली डबीवर छापणारे आहेत. डबीची कड उचकटून परत चिकटवलेली आहे का तेही बोट फिरवून बघा.

आणि विक्रेता घाई करत असेल, तपासू देत नसेल, तर कार्ड खरं असलं तरी घेऊ नका.

ग्रेडिंग करून घ्यावं का?

पीएसए ही यातली सगळ्यात नावाजलेली अमेरिकन कंपनी, १९९१ पासूनची, शिवाय बेकेट, एसजीसी. एक ते दहा ग्रेड, आणि चार गोष्टी बघतात: चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग. फी, जाण्या-येण्याचं कुरिअर, विमा, कस्टम असं सगळं जोडलं की आपल्याला एक कार्ड बऱ्यापैकी महाग पडतं. म्हणून हिशोब असा करा, की दहाऐवजी नऊ आलं तरी खर्च निघतो का. निघत नसेल तर स्लीव्ह-टॉपलोडरमध्ये सुखाने ठेवा. आवडत्या खेळाडूचं कार्ड जन्मभर जपायचंय म्हणून स्लॅब करायचं असेल तर मात्र हिशोब बाजूला ठेवला तरी चालेल.

पाठवायचं असेल तर टॉपलोडर नको, थोडं लवचिक सेमी-रिजिड कव्हर लागतं, पीएसए तेच मागते.

लाइव्ह ब्रेक, मिस्ट्री पॅक घ्यायचे का?

नाही. ब्रेकमध्ये बॉक्स दुसरा कोणी फोडतो, तुम्ही फक्त एका टीमचे पैसे भरता आणि त्या टीमचं काही चांगलं निघालं तर तुमचं, नाहीतर पैसे गेले. मिस्ट्री पॅकमध्ये कोणीतरी आपल्याला नको असलेली कार्डं भरलेली असतात. दोन्हीत मजा येते हे कबूल, पण पोरांना त्याची चटक लागते. त्याच पैशात डब्यातून हवं ते कार्ड निवडून घ्या.

गुंतवणूक म्हणून कसं आहे?

बेसबॉलवाल्या मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ती बातमी वाचून बरेच जण येतात. पण ते कार्ड सत्तर वर्षांपूर्वीचं, पोरांनी सायकलच्या चाकात लावून नाहीतर रद्दीत घालून संपवलेलं, त्यामुळे त्या अवस्थेत उरलेलंच दुर्मिळ. याउलट १९८० च्या अखेरीपासून ९० च्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी एवढं छापलं की त्या काळाला तिकडे जंक वॅक्स म्हणतात, तीस-पस्तीस वर्षं जपूनही बहुतेक कार्डांना कोणी विचारत नाही. नुसतं जुनं असून उपयोग नाही, कमी असावं लागतं आणि मागणारा असावा लागतो. केळीच्या पट्टीचे किंवा कापसाचे पैसे यात घालू नका, कृपा करून.

अमेरिकेतल्या त्या सगळ्यात मोठ्या कन्व्हेन्शनला कोणी जाऊ शकतं का?

द नॅशनल. १९८० साली लॉस एंजेलिसला सुरू झालं, जुलैच्या शेवटी-ऑगस्टच्या सुरुवातीला असतं, बुधवार ते रविवार पाच दिवस. जागा बदलते, २०२४ ला क्लीव्हलँड होतं, २०२३ आणि २०२५ ला शिकागोजवळचं रोझमाँट. रोझमाँटचा हॉल ओहेअर विमानतळाच्या अगदी जवळ आहे, मेट्रोच्या ब्लू लाइनने एकच स्टेशन, त्यामुळे शिकागोत कोणी नातेवाईक असेल तर सोयीचं पडतं. भारतीय पासपोर्टला व्हिजिटर व्हिसा लागतो आणि अपॉइंटमेंटला वेळ जातो, म्हणून वर्षभर आधीच हालचाल करा. इथून डॉलरच्या नोटा एका ट्रिपला ३,००० पर्यंतच मिळतात, बाकी फॉरेक्स कार्डवर. येताना कार्डांची बिलं जवळ ठेवा आणि कस्टमची ड्युटी-फ्री मर्यादा त्या वेळची बघून जास्तीचं सरळ जाहीर करा.

तिथे पहिल्या दिवशी फक्त चालायचं. हॉल एवढा मोठा आहे की सकाळी बघितलेलं टेबल दुपारी सापडत नाही, टेबल नंबरचा फोटो काढत चला. ग्रेडिंग कंपन्यांचे काउंटर तिथेच असतात, कार्ड हातोहात जमा करता येतं, कुरिअरचा जीवघेणा प्रवास वाचतो.

पोराला नेलं तर चालेल का?

न्याच. त्याला ठरावीक पैसे देऊन टाका आणि काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या. फक्त ब्रेकच्या टेबलपासून लांब ठेवा.

घरी आणल्यावर आपल्या उन्हाळ्यात कार्डं टिकतात का?

टिकतात, पण काळजी घेतली तर. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत कार्डं अर्धा तासही ठेवू नका. पण उन्हापेक्षा मोठा शत्रू आपल्या घरातच आहे, तो म्हणजे कूलर. कूलरची हवा ओली असते आणि फॉइलच्या कार्डाला एका बाजूने ओल लागली की ते वाकतं. दिवसभर कोरडी लू आणि रात्रभर कूलर, या ओढाताणीत चांगली कार्डं पन्हाळीसारखी होतात. म्हणून कूलरच्या खोलीत कार्डं नकोत. आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं नाही अशा कपाटात, झाकणाच्या हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी घेतली तर ओल भरली ते कळतं, गरम करून परत वापरता येतात. बाइंडरची पानं पीव्हीसीची नकोत, पाकिटावर पीव्हीसी नाही असं लिहिलेलं बघूनच घ्या.

आपल्याकडे जळगावला असं काही भरवता येणार नाही का?

येईल, आणि व्हायलाच हवं असं मला फार वाटतं. सुरुवातीला टेबलं, तिकीट, डीलर काही नको. रविवारी सकाळी एखाद्याच्या क्लासची रिकामी खोली, दहा-बारा जण, प्रत्येकाने आपला बाइंडर आणि एक भिंग. मे महिना टाळा, डिसेंबर-जानेवारी बघा, तेव्हा बाहेरगावची पोरं यायला पण तयार होतात, भरीत-पुरीचं निमित्त असतं. पहिल्या वेळेला विक्री बंदच ठेवा, फक्त बघणं आणि ट्रेड. चाळीसगाव-पाचोऱ्याहून पॅसेंजरने येणाऱ्यांना सोयीची पडेल अशी वेळ ठरवा, आणि शाळेतल्या पोरांसोबत घरचं एक मोठं माणूस हवं हे आधीच सांगून ठेवा.